लक्ष्याला रडवल्याशिवाय तो मोठा होत नाही का?

या खेपेला एकाच पंधरवड्यात तीन पत्रं विनोदी नटांवर आली. इंदूरकरांना पावसाळा संपला की नाटक आठवतं, त्यात नवल नाही. या अंकात तीच तीन घेते. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, डिसेंबरात लक्ष्मीकांत बेर्डे यांचा स्मृतिदिन असतो. आमच्याकडे दरवर्षी त्यावरून वाद होतो. थोरले भाऊ म्हणतात, त्याची खरी ताकद फक्त 'एक होता विदूषक'मध्ये दिसली, बाकी सगळा धांगडधिंगा. मी 'अशी ही बनवाबनवी'वाला. तुम्ही निकाल द्या.
(एक वाचक, रामबाग)

उत्तर : तुमच्या थोरल्या भावांसारखी माणसं मला प्रत्येक लग्नाच्या पंगतीत भेटतात. विनोदी नटाचं नाव निघालं रे निघालं की म्हणणार, 'पण ती एक गंभीर भूमिका काय केली होती हो त्याने!' जणू बाकीची पंचवीस वर्षं बिचारा उनाडक्या करत होता आणि त्या एका सिनेमाने त्याला ग्रेस मार्क देऊन पास केलं.

'एक होता विदूषक' चांगलाच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. 1992 साल, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, लेखन पुलंचं, गाणी ना. धों. महानोरांची. पण भाऊंना एक विचारा : त्यात लक्ष्मीकांत झालाय कोण? तमाशातला सोंगाड्या. म्हणजे त्या करुण भूमिकेचा पायाच हसवण्याचा आहे. आबूराव फडावर उभा राहतो तेव्हा त्याच्या खांद्यात, मानेत, पायांत जी लय दिसते, ती काही त्या सिनेमासाठी शिकवणी लावून आलेली नव्हती. तिकिटबारीवर तो सिनेमा चालला नाही. आपल्या लक्ष्याला पाहायला आलेल्यांना तो रुचला नाही, आणि न चाललेल्या सिनेमाला आपोआप एक मोठेपण चिकटतं, हाही भाग आहेच.

ती लय आली कुठून? 26 ऑक्टोबर 1954चा मुंबईचा जन्म. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी, आणि तिथेच बारीकसारीक भूमिका. साहित्य संघ म्हणजे नाट्यगृहच. रोज कुणाची ना कुणाची तालीम, नाहीतर प्रयोग. मग 1983च्या सुमारास पुरुषोत्तम बेर्डे यांच्या 'टूरटूर' नाटकाने नाव झालं. 1985मध्ये महेश कोठारेंचा 'धूमधडाका', आणि नंतर सिनेमांची रांगच लागली. तरी 'शांतेचं कार्टं चालू आहे'सारखी नाटकं होतीच. रंगमंचावर हशा कमावलेला नट कॅमेऱ्यासमोर गेला की त्याला समोर प्रेक्षक नसतानाही हशाची जागा कळते. अशोक सराफ आणि तो समोरासमोर असले की नीट बघा. एकाचं वाक्य संपतं आणि दुसरा लगेच बोलत नाही, आधी त्याचा चेहरा बोलतो. ती एवढीशी फट थिएटरातल्या माणसांना हसण्यासाठी सोडलेली असते.

हे मी विंगेतून सांगते आहे, कारण माझं अर्धं आयुष्य तिथे गेलं. इंदूरच्या एका हौशी मंडळात मी प्रॉम्प्टर होते, म्हणजे विसरलेल्या नटाला आडून वाक्य देणारी. गंभीर नाटकात नट थांबला तर तो बहुधा विसरलेला असतो, वाक्य द्यायचं आणि मोकळं व्हायचं. विनोदी नाटकात तो थांबला तर विसरलाय की लाफ्टर घेतोय, म्हणजे लोकांना हसू देतोय, हे डोळ्याच्या पापणीवरून ओळखावं लागतं. हशा चढतो, माथ्यावर जातो आणि उतरायला लागतो. तो पुरता विरायच्या आत पुढचं वाक्य पडलं पाहिजे. चढत्या हशात टाकलंत तर वाक्य बुडतं, आणि पुढच्या वेळी लोक हसायलाच कचरतात, कारण त्यांना पुढचं ऐकायचं असतं. पार विरू दिलात तर सभागृह गार. त्यात आपला इंदुरी प्रेक्षक! दादर-ठाण्याच्या लोकलचा विनोद त्याच्यापर्यंत किंचित उशिरा पोचतो, पण कुणी मध्येच हिंदी शब्द फेकला की आधीच खसखस पिकते. हे गणित कुठल्याही संहितेत लिहिलेलं नसतं. नट ते रोज नव्याने मांडतो.

आता 'झपाटलेला' बघा, 1993चा. समोर रामदास पाध्यांचा बाहुला. बाहुला काय प्रतिसाद देणार? घाबरायचं एकट्याने, पळायचं एकट्याने, आणि पोरांना भीती आणि हसू दोन्ही एकदम वाटलं पाहिजे. तुमच्या भावांना वाटतं रडणं कठीण. त्यांना म्हणावं, एका लाकडी तोंडाकडे बघून अख्खं थिएटर हसवून दाखवा.

निकाल हवाच असेल तर 'बनवाबनवी'. 1988चा सिनेमा अजून लोकांना तोंडपाठ आहे. सचिनची सुधा कशी नेटकी बाई दिसते, आणि लक्ष्मीकांतची पार्वती? साडी नेसूनही आतला परशा लपत नाही, आणि तो लपत नाही हे फक्त आपल्याला कळतं, सिनेमातल्या इतरांना नाही. ही तारेवरची कसरत त्याने शेवटपर्यंत सांभाळली. पन्नाशीतच, 16 डिसेंबर 2004ला तो गेला. यंदाच्या स्मृतिदिनाला भाऊंना शेजारी बसवा आणि दोन्ही सिनेमे लावा. मात्र विदूषक आधी.

प्रश्न : जॉनी वॉकर आपल्या इंदूरचे, असं आमच्या ऑफिसातले भिया लोक छाती ठोकून सांगतात. खरं आहे का?
(एक वाचिका, सुदामा नगर)

उत्तर : खरं आहे हो, ठोकू द्या छाती. बदरुद्दीन जमालुद्दीन काझी, जन्म इंदूरचा. वडील गिरणीत कामाला होते. गिरणी सुटली आणि कुटुंब मुंबईला गेलं. आपल्याकडे गिरण्या सुटल्यावर घरंच्या घरं कशी विखुरली, हे मालवा मिलच्या बाजूला राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. मुंबईत बदरुद्दीन बेस्टच्या बसवर कंडक्टर झाले, आणि तिकिटं फाडता फाडता प्रवाशांना हसवू लागले. बलराज साहनींनी त्यांना हेरलं आणि गुरुदत्तकडे पाठवलं. तिथे त्यांनी दारुड्याचं असं सोंग काढलं की 1951च्या 'बाजी'त काम मिळालं. नाव व्हिस्कीवरून पडलं, आणि स्वतः थेंबाला शिवत नसत.

नाटक कंपनीत उमेदवारी केलेली नाही, पण बस काय कमी रंगमंच आहे? समोरचा प्रेक्षक प्रत्येक थांब्यावर बदलतो. 'प्यासा'तला तेलमालिशवाला सगळ्यांना आठवतो, 'मधुमती'साठी फिल्मफेअरही मिळालं. पण तुम्ही 'आनंद'मधला ईसाभाई पुन्हा बघा. तिथे ते नाटक कंपनीचे मालकच आहेत. (वरच्या रामबागवाल्यांच्या भावांना हे दाखवू नका, लगेच म्हणतील खरी ताकद इथेच दिसली.) जुलै 2003मध्ये ते गेले.

प्रश्न : आजी, सोसायटीच्या गणपतीत आमचं नाटक आहे आणि मला दारुड्याचं काम दिलंय. तालमीत सगळे हसतात, पण दिग्दर्शक म्हणतो खोटं वाटतं. काय करू?
(एक कॉलेजकुमार)

उत्तर : तू झोकांड्या खात असशील, दुसरं काय! प्यालेला माणूस पडायला बघत नसतो, सरळ चालायला बघत असतो, आणि तेच त्याला जमत नसतं. जॉनी वॉकरचं कुठलंही जुनं काम काढ आणि आवाज बंद करून बघ. नजर एका जागी रोखतात, पाय दुसरीकडे जातो, आणि चेहऱ्यावर मात्र 'मला काय झालंय?' असा भाव. हात फार हलवू नकोस. एकच वस्तू घे, किल्ली घे, आणि ती खिशात घालायचा मनापासून प्रयत्न कर.

तालमीतल्या मित्रांच्या हसण्यावर जाऊ नकोस. ते तुला हसतात, पात्राला नाही. चौथ्या दिवशी तेही हसायचे थांबतील आणि मग तुला पदरची वाक्यं घालायची खुमखुमी येईल. घालायचीच असतील तर तालमीत घाल, आणि प्रॉम्प्टरच्या वहीत आधी लिहून दे.