गरिबीतून वर आलेला पण एकाच साच्यात अडकून पडलेला कोणता मराठी नट तुम्हाला चटका लावून गेला?

लक्ष्या. दुसरं नाव डोक्यात आलंच नाही.

आणि बघा, इथेच सगळी गोम आहे. श्रीराम लागूंना आपण डॉक्टर म्हणतो, निळू फुले निळूभाऊ, अशोक सराफ तर अख्ख्या महाराष्ट्राचे मामा, आणि लक्ष्मीकांत बेर्डे मात्र नुसता लक्ष्या, तोही अरेतुरेत. मी पण या उत्तरात 'तो'च लिहिणारे, 'ते' लिहायला गेलो तर हात अडखळतो. प्रेम आहेच त्यात, वाद नाही, पण ज्याला आपण घरातल्या वांड पोरासारखं अरेतुरे करतो त्याला पडद्यावर रडताना, हरताना बघायची आपली तयारी नसते.

जन्म १९५४ चा, मुंबईतला. घरची परिस्थिती बेताची, भावंडं बरीच, लहानपणी भावंडांबरोबर लॉटरीची तिकिटं विकलेली. पुढे गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी, म्हणजे नाटकाच्या अगदी दारातच. तिथेच छोटी छोटी कामं करत राहिला. नाव झालं ते १९८३ च्या 'टुरटुर'मुळे, पुरुषोत्तम बेर्डेंचं नाटक. सिनेमात आला तेव्हा तिशीला टेकला होता, त्यामुळे "एका रात्रीत स्टार झाला" वगैरे जे लोक लिहितात ना ते काही खरं नाही, मागे बरीच वर्षं होती.

दिग्दर्शक महेश कोठारेंनी सांगितलेला किस्सा तुम्ही ऐकलाच असेल, नाटकातलं काम आवडलं आणि एक रुपया हातावर ठेवून त्याला साईन केलं. मग १९८५ ला 'धुमधडाका', १९८७ ला 'दे दणादण', १९८८ ला 'अशी ही बनवाबनवी', आणि पुढची काही वर्षं मराठी थिएटरात लक्ष्या नाही असा आठवडा सापडणं अवघड.

आता साच्याबद्दल. लोक सगळा दोष निर्मात्यांवर ढकलतात, मला ते अर्धवट वाटतं. तेव्हाचं गणित बघा, मराठी सिनेमाचं बजेट तुटपुंजं, १९७५ पासून सरकारची करमणूक कराच्या परताव्याची योजना होती पण ते पैसे पुढचा मराठी सिनेमा काढला तर मिळायचे, म्हणजे निर्मात्याला एक संपला की दुसरा काढायचाच असायचा. अशा वेळी पोस्टरवर कोणाचं तोंड लावाल? ज्याच्या नावावर बायकापोरांसकट घरं येतात त्याचंच. आणि पात्राचं नाव पण तेच, 'झपाटलेला'मध्ये लक्ष्या बोलके, 'धडाकेबाज'मध्ये पण लक्ष्याच! नटाचं नाव आणि पात्राचं नाव एकच झालं की मग वेगळी भूमिका करायची कुठे आणि कशी, सांगा.

बरं, त्या साच्यात राहून तो जे करायचा ते काही सोपं नव्हतं. 'झपाटलेला' (१९९३) परत बघा, पण या वेळी बाहुलीकडे बघू नका, लक्ष्याकडे बघा. रामदास पाध्यांची बाहुली भारीच आहे, पण शेवटी ती बाहुली, तिच्यात जीव आहे असं आपल्याला वाटतं ते समोरचा माणूस खरोखर टरकलाय म्हणून. बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा माणूस बाहुलीलाच घाबरतोय, आणि आपण एकाच वेळी हसतोय पण आणि थोडे घाबरतोय पण. मी तेव्हा लहान होतो, नंतर कितीतरी दिवस कपाटावरच्या बाहुलीकडे पाठ करून झोपायचो, तो भाग सोडा.

हिंदीत तर साचा अजून लहान. 'मैंने प्यार किया', 'साजन', 'बेटा', आणि १९९४ ला 'हम आपके हैं कौन'मधला लल्लू. मराठीत ज्याच्या नावावर सिनेमा चालायचा तो तिथे घरातला नोकर. तरी त्या सिनेमातला तो कृष्णाच्या मूर्तीसमोरचा सीन आठवा, लल्लू आणि टफी कुत्रा. हसवायची जबाबदारी काढून घेतली की हा माणूस काय करू शकतो ते त्या दोन मिनिटांत दिसतं.

आता मुख्य गोष्ट, 'एक होता विदूषक', १९९२. जब्बार पटेल दिग्दर्शक, पटकथा-संवाद पु. लं.चे, गाणी महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. तमाशातल्या बाईच्या पोटी जन्मलेला आबुराव, सोंगाड्या होतो, मग सिनेमातला स्टार होतो, मग राजकारणवाले त्याला वापरून घेतात, आणि लोकांना हसवता हसवता त्याचं स्वतःचं हसू कुठेतरी सुटून जातं. लक्ष्याला जवळजवळ त्याचीच गोष्ट कोणीतरी लिहून दिली होती.

आमच्या तालुक्याच्या टॉकीजला बाबा आम्हाला घेऊन गेले होते, लक्ष्याचा नवीन पिक्चर म्हणून. सुरुवातीला तो पडद्यावर आला तेव्हा शिट्ट्या, टाळ्या, नेहमीसारखं. नंतर मात्र लोकांना कळेना काय करायचं. तो गंभीर बोलला तरी मागून कोणीतरी हसायचं, आता पुढे जोक येणार असं धरून. इंटरव्हलनंतर पुढच्या दोन रांगा रिकाम्या. बाबा घरी येताना म्हणाले "लक्ष्या असून हसवलं नाही, पैसे फुकट गेले." मलाही तेव्हा अगदी तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा, पण तिकीटबारीवर पडला. नंतर त्या वाटेला तो फारसा गेला नाही. आणि कोणाच्या जिवावर जाणार? नाट्यगृहात चारशे माणसं तरी समजून घेतात, सिनेमाला अख्खा जिल्हा लागतो.

इथे कोणीतरी कमेंटमध्ये अशोकमामांचं उदाहरण देणार म्हणून आधीच सांगतो. हो, मामांना लोकांनी 'चौकट राजा'त गंभीर बघितलं आणि स्वीकारलं. पण त्यात सिनेमा त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर नव्हता, आणि लक्ष्याच्या आधी दहा वर्षं ते सगळ्या तऱ्हेची कामं करत आलेले. लक्ष्या पहिल्या मोठ्या सिनेमापासूनच 'लक्ष्या' होता. शिवाय खरं सांगू का, नव्वदच्या मधल्या काळानंतर त्याने स्वतःही बरेच टुकार सिनेमे घेतले, तेच अंगविक्षेप, तेच तोंड वेडंवाकडं करणं. फॅन असलो तरी ते बघवत नाही. मराठी इंडस्ट्रीच तेव्हा आजारी होती हे मान्य, तरीही.

१६ डिसेंबर २००४ ला किडनीच्या आजाराने गेला, जेमतेम पन्नास वर्षांचा. त्याच वर्षी 'पछाडलेला' आलेला, 'झपाटलेला'सारखंच परत कोठारे, परत भूत. मी तेव्हा कॉलेजला होतो, मेसमध्ये टीव्हीवर बातमी लागली आणि खाली त्याचे कॉमेडी सीन चालू होते, निवेदिका गंभीर आवाजात बोलतेय आणि मागे लक्ष्या 'बनवाबनवी'तल्या पार्वतीच्या साडीत पळतोय. टेबलावरचा एक जण फिसकन हसला आणि मग एकदम गप्प झाला.

'विदूषक' मिळाला तर बघा, पहिला अर्धा तास हसायची वाट न बघता. बाबांना मी मागच्या वर्षी परत दाखवला. शेवटपर्यंत बसले, चहा पण मागितला नाही मध्ये.