ऑफिसात स्त्री-पुरुष सगळ्यांना मिळून एकच टॉयलेट आहे आणि बेसिन बाहेर आहे. तिथे मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीचं रक्त साठवायला योनीत बसवायचा मऊ कप, कसा वापरायचा?

निर्धास्त वापरा. रक्ताने भरलेला कप हातात घेऊन पुरुष सहकाऱ्यांसमोर बेसिनपाशी कसं जायचं, अशी धास्ती तुम्ही लिहिली आहे. तर तसं जावं लागतच नाही. कप टॉयलेटच्या दाराबाहेर आणायचाच नाही.

मुळात ऑफिसात तो काढायची वेळ फार कमी येते. मध्यम आकाराच्या कपात साधारण २५ मिली मावतं. बहुतेक बायकांचा अख्ख्या पाळीतला रक्तस्राव ३० ते ४० मिलीच्या आसपास असतो. पाकिटावर मुदत दिलेली असते, कुठे ८ तास तर कुठे १२, ती मात्र ओलांडू नका. सकाळी निघताना रिकामा केला की बहुतेक दिवशी संध्याकाळी घरी येऊनच पुढचं बघायचं. माझी नोकरी फिरतीची आहे, त्यामुळे हे गणित माझ्या अंगवळणी पडलंय.

प्रश्न उरतो तो जास्त अंगावर जाणाऱ्या दिवसांचा. त्या दिवशी कपापेक्षा हातांची काळजी जास्त घ्यायची. आपण एरवी बाहेर आल्यावर हात धुतो, इथे आत जाण्याआधी धुवायचे, साबण लावून नीट. दार कोपराने ढकला. सोबत पिण्याच्या पाण्याची छोटी बाटली आणि थोडे टिश्यू. कडी लावायच्या आधीच बाटलीचं झाकण सैल करून ठेवा, नंतर ओल्या बोटांनी ते फिरत नाही.

कपाची खालची दांडी धरून सरळ ओढू नका. ती फक्त कप कुठे आहे हे कळण्यापुरती असते. बूड चिमटीत दाबा, आतली हवेची पकड सुटली की कप जरासा तिरका करून सावकाश बाहेर घ्या. कमोडमध्ये ओता, वरूनच बाटलीतलं पाणी सोडा, घडी घालून परत बसवा. पाणी नसेल तर कोऱ्या टिश्यूने पुसलेला कपही चालतो, घरी गेल्यावर धुवायचा. उकळणं पाळी संपल्यावर किंवा पुढची सुरू होताना, दर वेळी नाही. उरलेल्या पाण्याने बोटं कमोडवरच धुवा, पुसा आणि मग बाहेर या. बाहेरच्यांना फक्त हात धुणारी बाई दिसते.

कमोडशेजारचा जेट कपावर मारू नका. त्याला दिवसभर कुणाकुणाचे हात लागलेले असतात, शिवाय त्या जोराने कप हातातून निसटतो. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उलट सोपं जातं, कारण उकिडवं बसल्यावर कप आपसूक खाली सरकतो. फक्त खाली तळहात धरा. भांड्यात पडलाच तर त्याचा नाद सोडा आणि बॅगेतला पॅड वापरा. एक पॅड कायम जवळ हवाच.

आणि सामाईक टॉयलेट आपल्याला नवं कुठे आहे? रेल्वेच्या डब्यातलं असतं ते सगळ्यांचंच. कोल्हापूरहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघताना मी स्टेशनवर जाण्याआधी घरीच कप रिकामा करते, कारण हलत्या डब्यात दोन्ही हात गुंतवणं बरं नव्हे. मॉलमधल्या फक्त बायकांच्या टॉयलेटातही बेसिन संडासाच्या दाराबाहेरच असतं. त्यामुळे तुमची अडचण टॉयलेट सामाईक असण्याची नाही. चार भिंती, दार आणि धड कडी असलेली एकट्याची खोली मला तर जास्त आवडते. पाळी येणारे सगळे स्वतःला बाई मानत नाहीत, ट्रान्स पुरुषांनाही पाळी येते. बायकांच्या टॉयलेटात गेलं तर लोक हटकतात, पुरुषांच्यात कचऱ्याचा डबाच नसतो. त्यांना अशी खोली आणि मागे काही टाकायला न लावणारा कप, दोन्हींचा मोठा आधार असतो.

ऑफिसकडे मात्र बॅग अडकवायला हुक, आत एक नळ आणि झाकणाचा डबा जरूर मागा. पॅड वापरणाऱ्या मैत्रिणींना त्या डब्याची गरज तुमच्याहून जास्त आहे. हे मागताना संकोच करू नका. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळीतल्या बायका महापालिकेकडे स्वच्छ आणि मोफत मुताऱ्या उघडपणे मागत आल्या आहेत.

तुम्ही कप नव्यानेच घेतला असेल तर पहिल्या एक-दोन पाळ्या सुट्टीच्या दिवशी घरी सराव करा, सोबत पॅडही लावा. सुरुवातीला गळतो, घडी नीट उघडलेली नसते. केरळातलं कुंबळंगी गाव २०२२ मध्ये सॅनिटरी नॅपकिनमुक्त म्हणून जाहीर झालं, तिथेही नुसते कप वाटले नाहीत, ते वापरायचे कसे हे बायकांना आधी शिकवलं.

तांबी बसवलेली असेल तर कप सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. हवेची पकड न सोडता कप ओढला तर तांबी सरकू शकते.