आधी एकच तुकडी नीट शिकवा

अरबीचा वर्ग सुरू करताना जाहिरातीवर लगेच पैसे घालू नका. आपल्या सोलापुरात अनेकांना कुरआन वाचता येतो, अर्थ कळत नाही. म्हणून ‘अरबी शिका’ असं मोघम सांगण्यापेक्षा नमाजमध्ये रोज येणाऱ्या फातिहा या कुरआनच्या पहिल्या अध्यायाच्या 7 आयतींपासून (ओळींपासून) सुरुवात करा. अर्थ उमगू लागला की माणूस टिकतो, घरच्यांनाही घेऊन येतो. उर्दू-दखनीतले किताब, इल्म, वक्त हे मूळ अरबी शब्द त्यांना ठाऊकच असतात, त्यांचा आधार घ्या.

उच्चार मात्र गटात सुधारत नाहीत. ऐन, काफ या अरबी अक्षरांसाठी प्रत्येकाकडून व्हॉट्सॲपवर आवाज मागवा आणि स्वतः ऐकून उत्तर द्या. वेळ जातो, पण माझ्या मते खरी फी याच मेहनतीची.

यंत्रमागावर दिवसपाळी करणाऱ्यांसाठी इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर वर्ग ठेवा. रमजानमध्ये त्याच वेळी तरावीहची जादा नमाज असते, तेव्हा नवी तुकडी ईदनंतरच.