शेजाऱ्याने मळी खणली, आमचं शेत नदीत गेलं

प्रश्न : पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आमची मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची, जमीन आहे. शेजाऱ्याने त्याची मळी वीटभट्टीवाल्याला दिली. पोकलेन लावून आमच्या बांधाला लागून तीस गुंठ्यांत बारा फूट खोल माती काढली. गेल्या पावसाळ्यात नदीचं पाणी त्या खड्ड्यात शिरलं आणि आमचं बावीस गुंठे रान उभ्या उसासकट ढासळलं. तलाठी म्हणतात, त्याच्याकडे पाचशे ब्रासचा परवाना आहे, रॉयल्टी भरली आहे. ग्रामपंचायत पाटबंधारे खात्याकडे बोट दाखवते, ते खातं म्हणतं जमीन खाजगी. नदीपासून पाचशे मीटर खोदकामाला बंदी आहे, असंही एकाने सांगितलं. शेजारी आता उरलेली मळीही देणार आहे. काठाला भिंत कोण बांधून देईल? गेलेल्या जमिनीची भरपाई मिळेल का?

उत्तर : आधी भिंतीचा नाद सोडा. ग्रामसभेत ठराव करून घ्या, त्याची प्रत पाटबंधारे विभागाला आणि जिल्हा नियोजन समितीला द्या. पुढे कधी निधी आला तर तो कागद उपयोगी पडेल. पण खाजगी रानाच्या काठाला सरकारने भिंत बांधून द्यावी, असा हक्क तुम्हाला कायद्याने नाही. त्या मागणीमागे दोन वर्षं फिराल आणि तोवर शेजारी उरलेली मळी नेईल.

पाचशे मीटरची गोष्ट समुद्रकिनाऱ्याची आहे. भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्राचे, निर्बंध असतात. भरतीचं पाणी पलूसपर्यंत येत नाही, त्यामुळे ते नियम कृष्णाकाठाला लागू नाहीत. राज्याचं नदी नियमन क्षेत्राचं धोरण होतं, तेही २०१५ मध्ये रद्द झालं. तहसीलदारांकडे जो अर्ज कराल, त्यात हा मुद्दा घालू नका. एक चुकीचा मुद्दा दिसला की साहेब बाकीचा अर्ज वाचत नाहीत.

तुमचा खरा आधार जुन्या कायद्यात आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मधलं उदाहरण (ई) पाहा. नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा जो आधार मिळतो, त्यावर मालकाचा हक्क असतो. शेजारी आपल्या हद्दीत खणू शकतो, पण तुमचं रान ढासळेल अशा तऱ्हेने खणू शकत नाही. रॉयल्टी हा त्याचा आणि सरकारचा व्यवहार. ती भरल्याने तुमच्या रानाचा आधार काढून घ्यायची मुभा त्याला मिळत नाही. कलम ३४ प्रमाणे भरपाई मागण्याचा हक्क प्रत्यक्ष नुकसान झाल्यावरच निर्माण होतो, म्हणून मुदतही खणल्यापासून नाही, ढासळल्यापासून मोजायची. ती तीन वर्षांची आहे.

यात एक मेख आहे. हा हक्क ‘नैसर्गिक स्थिती’तल्या, म्हणजे न खणलेल्या आणि कृत्रिम भार न घातलेल्या जमिनीला आहे. तुमच्या बाजूने तुम्हीही पूर्वी कधी भट्टीला माती दिली असेल, तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. उलटतपासणीत ते निघालं तर दावा कोसळतो.

समोरचा म्हणणार, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सगळ्यांचेच काठ गेले, यांचंही नदीने नेलं. त्याला उत्तर कागदाने द्यायचं. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या. आधीच्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं काढा. न खणलेले शेजारचे काठ उभे आहेत आणि खड्ड्यालगतचाच गेला, हे दिसलं तर अर्धी लढाई झाली.

आता परवान्याकडे वळू. माहिती अधिकारात परवाना, अटी आणि वाहतूक पासांच्या प्रती मागा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तीस गुंठे, बारा फूट खोल, याचा हिशोब साधारण ३,९२० ब्रास होतो. परवाना ५०० चा! हा आकडा तहसीलदारांकडच्या अर्जात पहिल्या ओळीत हवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली जास्तीच्या मातीवर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, ४८(८) खाली यंत्रं आणि वाहनं जप्त होतात. दंड सरकारजमा होईल, तुम्हाला छदामही मिळणार नाही. तरीही अर्ज करा, कारण मंडळ अधिकाऱ्याचा पंचनामा दिवाणी दाव्यात तुमचा सर्वात मजबूत पुरावा ठरेल.

पर्यावरण मंजुरी होती का, हेही विचारा. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरखालच्या गौण खनिज (माती, वाळू वगैरे) पट्ट्यांनाही ती आवश्यक केली. परंपरेने हाताने माती काढणाऱ्या कुंभारांना सूट आहे, पोकलेनवाल्याला त्या सुटीत शिरता येत नाही. मंजुरी नसेल तर पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जाता येतं. भरपाईसाठी तिथे पाच वर्षांची मुदत आहे, इतर वादांसाठी सहा महिन्यांचीच. पण एकट्याने बावीस गुंठ्यांसाठी पुणे गाठू नका. काठावरच्या आणखी चार-पाच जणांचं रान गेलं असेल तर एकत्र जा.

तुमच्यासाठी पहिली पायरी दिवाणी न्यायालय. शेजारी आणि भट्टीमालक, दोघांनाही प्रतिवादी करा. मनाई हुकूम आणि भरपाई दोन्ही मागा, सोबत कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करण्याचा अर्ज द्या. सरकारला यात ओढू नका. ओढलंत तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आड येते, आणि तातडीची परवानगी मागत बसावं लागतं.

गेलेल्या जमिनीचा शेतसारा भरत राहू नका. जमीन महसूल संहितेच्या कलम ६६ प्रमाणे अर्ध्या एकरापेक्षा कमी नसलेला भाग नदीत गेला तर आकारणी कमी करून मिळते. तुमचे बावीस गुंठे त्यात बसतात. रक्कम किरकोळ आहे, पण तो आदेश जमीन गेल्याचा सरकारी कबुलीजबाब असतो. अल्पभूधारक असाल तर आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत नदीने पात्र बदलल्याने गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये मदत होती. ती मागताना मात्र जपून. ‘नदीने पात्र बदललं’ असं लिहून दिलंत, तर तोच कागद शेजारी दाव्यात दाखवेल. त्यामुळे वकिलाला दाखवल्याशिवाय त्या अर्जावर सही करू नका.

आणि घाईघाईत डबर टाकून काठ भरू नका. परवानगीशिवाय पात्रात भराव केलात की प्रवाह अडवल्याची नोटीस तुम्हालाच येईल. काठावर बांबू आणि करंज लावा, त्याला कुणाची हरकत नसते. मोजणीचा अर्ज मात्र याच आठवड्यात द्या. पाणी चढल्यावर मोजायला काठ राहत नाही.