यूकेमधल्या आमच्या गार्डनमध्ये रात्री हेजहॉग (काटेरी अंगाचा छोटा प्राणी) येतो, आता थंडी सुरू होतेय, त्याला दूध ठेवलं तर चालेल का?

दूध अजिबात नको! त्यांना ते पचत नाही, जुलाब होतात आणि छोटं पिल्लू असेल तर त्यातच जातं. एका पसरट बशीत साधं पाणी आणि मांसाचं कॅट फूड किंवा डॉग फूड, बस एवढंच. मीलवर्म्स (एक प्रकारच्या अळ्या) लोक हौसेने घालतात पण ते जास्त झाले की हाडं कमजोर होतात, म्हणून टाळाच.

साधारण नोव्हेंबर ते मार्च ते झोपून काढतात, त्यामुळे आत्ता अंगावर चरबी चढणं फार गरजेचं आहे. मांजरं खाणं पळवत असतील तर प्लास्टिकचा बॉक्स उलटा ठेवून त्याला १३ सेमीचं भोक पाडा, कडा टेपने झाका आणि वर वीट ठेवा. कुंपणालाही खाली तेवढंच भोक ठेवा, कारण एका रात्रीत ते एक-दीड किलोमीटर सहज फिरतात, एका गार्डनवर त्यांचं भागत नाही.

आणि ५ नोव्हेंबरला यूकेत पेटवतात त्या बॉनफायरसाठी (मोठ्या शेकोटीसाठी) लाकडं आधीपासून रचून ठेवू नका प्लीज, हेजहॉग त्यात शिरून झोपतात. आधीच रचली असतील तर त्याच दिवशी ढीग दुसरीकडे हलवा आणि मगच पेटवा. पाचोळ्याचा एक कोपरा मात्र तसाच राहू द्या, घरटं त्याचंच करतात.

दिवसा उघड्यावर पडलेला दिसला तर हातमोजे घालून उंच खोक्यात टॉवेलमध्ये ठेवा आणि लगेच जवळच्या रेस्क्यूला (जखमी-आजारी प्राण्यांना वाचवणाऱ्या संस्थेला) फोन करा.