बफरवर भाळू नकोस

प्रिय मुली,

डेंग्यूचं एनएस१ (विषाणूचं रक्तात उतरणारं प्रथिन) शोधणारी तुझी चाचणी-पट्टी बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या साध्या द्रावणात) झकास चालते. रुग्णाचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) टाकलं की एनएस१ असल्याचं दाखवणारी टेस्ट रेषा फिकी पडते, आणि डेंग्यू नसलेल्या दोन सीरमवर मात्र उमटते. म्हणून तू एनएस१ पकडणारी अँटिबॉडीजची जोडीच बदलायला निघालीस. थांब. पट्टी बफरसाठी नाही, रुग्णासाठी करायची असते. निर्णय सीरममध्ये घे.

आधी गोल्डचा कॉन्जुगेट (अँटिबॉडी चिकटवलेले, रेषेला रंग देणारे सोन्याचे सूक्ष्म कण) तपास. ४० नॅनोमीटरच्या गोल्डचे १ मिली घे, पीएच ७ ते ९ च्या पायऱ्यांत बदल (इलेक्ट्रोड बुडवू नकोस, गोल्ड त्यात अडकतं, पीएच पेपर वापर). प्रत्येकात अँटिबॉडी वाढत्या प्रमाणात घाल, १० टक्के मिठाचं १०० मायक्रोलीटर द्रावण टाक, दहा मिनिटं थांब. लाल राहिलं तर ठीक, जांभळं झालं तर कण गुठळले. लाल टिकवणाऱ्या किमान मात्रेहून थोडी जास्त अँटिबॉडी घे, मग कणांवरची उरलेली जागा बीएसएनं (गायीच्या सीरममधल्या अल्ब्युमिननं) ब्लॉक कर. बहुतेकजण इथेच समाधान मानतात. मिठाला टिकलेला कॉन्जुगेट सीरमला टिकेलच असं नाही, म्हणून तो सीरममध्येही बघ.

फिकी रेषा का? निरोगी सीरममध्ये ठरावीक मात्रेत रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेलं) एनएस१ मिसळ. तिथेही फिकी आली तर दोष सीरमच्या घटकांशी किंवा प्रवाहाशी निगडित आहे. तिथे ठसठशीत आणि रुग्णाच्या नमुन्यात फिकी असेल, तर दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्याच्या स्वतःच्या अँटिबॉडीज एनएस१ झाकत असतील. त्यावर उपाय अँटिबॉडीची वेगळी जोडी, पण हे सिद्ध झाल्यावर. शिवाय नमुना १:१० आणि १:१०० करून बघ. काही रुग्णांत एनएस१ इतकं असतं की दोन्ही अँटिबॉडीज वेगवेगळ्या भरून जातात, एनएस१ दोन्हींच्या मध्ये धरलं जाण्याचं सँडविच होतच नाही. पातळ केल्यावर रेषा गडद झाली, तर हा हुक इफेक्ट.

खोट्या रेषेसाठी एक पट्टी अशी कर की टेस्ट रेषेवर एनएस१ शी संबंध नसलेला, त्याच आयसोटाइपचा (अँटिबॉडीच्या उपप्रकाराचा) माउस आयजीजी (उंदराची अँटिबॉडी) असेल. तरीही रेषा आली, तर रुग्णातला रूमेटॉइड फॅक्टर किंवा हेटेरोफाइल अँटिबॉडी (दोन्ही इतर अँटिबॉडींना चिकटणाऱ्या अँटिबॉडीज) एनएस१ नसतानाही कॉन्जुगेटला रेषेशी जोडत असेल. सँपल पॅडमध्ये (नमुना टाकायच्या भागात) माउस आयजीजी घाल, किंवा अँटिबॉडीचे एफसी भाग (शेपटीकडचा भाग) काढलेले तुकडे वापर.

आणि अनेकांचे सीरम एकत्र करून मिश्रण बनवू नकोस! मिश्रणात एकट्या रुग्णाचा त्रास विरतो, तोच तर तुला पकडायचाय. यात वेळ जाईल, गाईड कुरकुरतील, मला हट्टी म्हणशील. म्हण. तीस वेगवेगळे निगेटिव्ह सीरम आधी जमव, तापाचा दिवस नोंदलेले पॉझिटिव्ह घे, प्रत्येकाचे छोटे भाग करून एकदाच गोठव. त्यानंतर जोडी बदलायची की नाही ते कळव.