नदीकाठच्या वस्तीला संरक्षक भिंत बांधली की पुराची काळजी मिटते का?

नाही, पूर्ण मिटत नाही. तुमच्या वस्तीसाठी भिंतीची मागणी करताय, ती जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका.

माझ्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा नदीचा काठ अजून हातभर कोरडा होता. न्हाणीघराच्या मोरीतून गढूळ पाणी बुडबुडे काढत वर आलं. नदीची पातळी गटाराच्या तोंडापेक्षा वर चढली की गटार उलटं वाहतं. तिथे एकाच दिशेने उघडणारी झडप नसेल तर भिंत कितीही उंच बांधा, पाणी आतून येणारच. वर पावसाचं पाणी भिंतीच्या आत तुंबतं ते वेगळंच. ते उपसायला पंप हवा, तोही वीज गेल्यावर चालणारा.

दुसरं असं की भिंत ठरावीक उंचीच्या पुरापुरतीच असते. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. एकाच घरात ३० वर्षं राहिलात तर तो गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. यंदा येऊन गेला म्हणजे पुढची ९९ वर्षं निवांत, असं अजिबात नाही. शिवाय भिंत झाली की तिच्याआड नवी घरं उभी राहतात, आणि ती फुटली तर नुकसान पूर्वीपेक्षा मोठं होतं.

शतकानुशतकं बांधांच्या भरवशावर राहिलेल्या नेदरलँड्सला १९९५ साली सुमारे अडीच लाख लोक हलवावे लागले. मग त्यांनी नायमेखेन शहरासमोर लेंट इथे बांध ३५० मीटर मागे घेतला आणि नदीला आणखी एक पात्र खोदून दिलं. पुराची पातळी तिथे पस्तीसेक सेंटिमीटरने उतरली. पण पन्नासेक कुटुंबांची घरं त्यात गेली, हेही विसरता येत नाही. म्हणून पूररेषेच्या आतली जी जागा आज मोकळी आहे, ती मोकळीच राहावी यासाठी आत्ताच भांडा.

आणि एक काम तुम्ही या आठवड्यातच करू शकता. पुलाच्या खांबावर रंगाने ठळक खुणा करा, खाली पिवळी आणि वर लाल. 'धोक्याची पातळी ओलांडली' असं ऐकून कुणी उठत नाही. 'पिवळी खूण बुडाली' म्हटलं की उठतात. पिवळी बुडाली की आजारी, म्हातारी माणसं आणि लहान मुलं हलवायची, लाल खुणेपर्यंत थांबायचं नाही. कोण कुणाला नेणार ते नावानिशी लिहून ठेवा, आणि एकदा रात्री, दिवे बंद करून, सगळ्यांना सुरक्षित जागेकडे जाणाऱ्या वाटेने चालवून बघा.